ऐन थंडीत बसलेली खुडूक

थंडीत कोंबडी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसत नाही असं सगळेच सांगतात, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. दिवस लहान झाला की कोंबडी अंड्यांच्या बाबतीत हात आखडता घेते. साधारण १४ तास उजेड असेल तर ती जोमात अंडी घालते. त्याहून कमी झाला की आधी एक दिवसाआड, मग मनात येईल तेव्हा. अंड्यांचीच ही गत, तर खुडूक बसण्याचं तर नावच नको. पण आमच्या करडीला हे कोणी सांगितलेलं नव्हतं. पहाटे पाण्याच्या भांड्यावर बर्फाची पापडी धरत होती त्या दिवसांत ती खुराड्यातल्या पेटीत जाऊन बसली ती उठेचना.

खुडूक ओळखायला अवघड नसते. हात जवळ नेला की सगळी पिसं फुलवून दुप्पट होते, घशातून घुर्र करते आणि टोच मारते. उचलून जमिनीवर ठेवली तर तशीच फतकल मारून बसते, मग भानावर येऊन खुडखुड करत चार दाणे टिपते आणि परत पेटीत. दिवसभर धरून ठेवलेली विष्ठा ती बाहेर पडल्यावर एकदमच टाकते. तिचा आकार आणि वास असा असतो की शंकेला जागाच राहत नाही. पोटाखालची पिसं गळून तिथली कातडी उघडी पडलेली असते. त्या कातडीत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं आणि ती थेट अंड्यांना टेकते. पिसं मध्ये असती तर ऊब अंड्यांपर्यंत नीट पोचलीच नसती.

सगळ्या कोंबड्यांत ही ओढ सारखी नसते. अंड्यांसाठीच वाढवलेल्या लेगहॉर्नसारख्या जातीत ती पिढ्यान्‌पिढ्या निवड करून जवळजवळ घालवलेली आहे, कारण खुडूक बसलेली कोंबडी अंडी देत नाही. असील किंवा साध्या गावरान कोंबड्यांत ती अजून शाबूत आहे. करडी गावरानच. आधी एकदा उन्हाळ्यात तिने पिल्लं काढून नीट वाढवलीही होती.

तरी माझा पहिला विचार खुडूक मोडायचाच होता. मोडायची तर कोंबडीला जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात, जमिनीपासून वर, काही दिवस ठेवतात. पोटाला खालून वारा लागून ते गार पडलं की डोक्यातलं खूळ उतरतं. पण अशा थंडीत ते करायला मन होईना. आत्याला विचारलं. तिने उभा जन्म कोंबड्या पाळल्या आहेत आणि तिचं उत्तर नेहमी प्रश्नानेच सुरू होतं.

"जागा कोरडी आहे का?"

"आहे."

"मग बसव की. थंडीचं तिचं ती बघेल. तू ओल बघ."

तेव्हा मला हे जरा उडवून लावल्यासारखं वाटलं. पुढचे दोन-तीन महिने मात्र मी जे काही केलं ते सगळं या एका वाक्यातच बसतं.

आधी खोटी अंडी देऊन पाहिलं. दोन-तीन रात्री कोंबडी त्यांच्यावरून हलली नाही तरच खरी ठेवायची, कारण आठवड्याने कंटाळून उठणारी खुडूकही असते आणि मग सगळीच अंडी वाया जातात. करडी हलली नाही. मग एका रात्री अंधारात तिला अलगद उचलून वेगळ्या जागी नेलं. दिवसा हलवली तर कोंबडी जुन्या जागेकडे धाव घेते. रात्री तिला धड दिसत नाही. सकाळी जाग येते तेव्हा पोटाखाली अंडी असतात, आणि तेवढं तिला पुरतं.

ही जागा करण्यात मी सगळ्यात जास्त वेळ घातला. शेडचा एक कोपरा, दोन बाजूंना भिंत. जमिनीची ओल थेट वर येऊ नये म्हणून खाली विटा, विटांवर फळी, फळीवर लाकडी पेटी. पेटीत पुठ्ठ्याचे थर, त्यावर चांगला जाड कोरडा भुसा आणि वरून पेंढा. पेंढ्यात मूठ दाबून उथळ खळगा केला. तो उथळच हवा. खोल केला तर अंडी एकमेकांवर चढतात, सपाट ठेवला तर घरंगळून कडेला जातात, आणि थंडीत कडेला गेलेलं अंडं म्हणजे हातचं गेलेलं अंडं. पेटीचे चारही कोपरे पेंढा कोंबून गोल करून टाकले.

मग वाऱ्याचा प्रश्न. थंडी म्हटली की पहिली बुद्धी होते ती सगळं बंद करायची. गोणपाट लाव, फटी बुजव, दार लोट. कोंबडीच्या उंचीपर्यंत मीही सगळं बंद केलं, पण छपराखालची हवेची फट उघडी ठेवली. कोंबड्यांच्या श्वासातून आणि विष्ठेतून रात्रभर वाफ सुटत असते. ती वर जाऊन बाहेर पडली नाही तर सकाळी फळ्यांना आतून थेंब धरतात, भुसा दमट होतो आणि ओल्या विष्ठेतून अमोनिया सुटतो. थंडीने तुऱ्याची टोकं काळी पडतात तीही कोरड्या हवेत कमी आणि दमट खुराड्यात जास्त. तपासायची पद्धत सोपी आहे, फक्त गुडघे टेकावे लागतात. पहाटे दार उघडल्या उघडल्या नाक कोंबडीच्या उंचीला नेऊन श्वास घ्यायचा. डोळे चुरचुरले तर हवा पुरत नाही. उभ्याने वास घेण्यात अर्थ नाही, कोंबडी तिथे राहत नाही. वाऱ्याचा झोत मात्र पेटीपाशी नको. गळलेलं हलकं पीस दोन बोटांत धरून पेटीच्या तोंडाशी नेलं तर ते हलता कामा नये.

अंडी जमवताना थंडीने वेगळाच घोळ घातला. एरवी दिवसातून एकदा अंडी उचलली तरी चालून जातं. इथे सकाळी घातलेलं अंडं दुपारपर्यंत तसंच राहिलं तर गारठून जातं, गोठलं तर कवचाला तडा जातो, आणि तडकलेलं अंडं उबवायला ठेवत नाहीत. म्हणून फेऱ्या वाढल्या. जमवलेली अंडी घरात, पण उबेपासून लांब, १५ अंशांच्या आसपास राहील अशा कोपऱ्यात, निमुळतं टोक खाली करून ठेवली. आठवड्यापेक्षा जुनं एकही घेतलं नाही. मळकी आणि वेडीवाकडी बाजूला काढली. धुतलं मात्र एकही नाही. धुतल्याने कवचावरचा नैसर्गिक लेप जातो आणि जंतूंना आत जायला वाट मिळते.

किती ठेवायची यावर माझं आणि आत्याचं लगेच एकमत झालं, हे क्वचितच होतं. उन्हाळ्यात करडीखाली १२ अंडी मावली होती. या वेळी ९ ठेवली. कोंबडी चोचीने अंडी सतत फिरवत असते, कडेचं मध्ये येतं आणि मधलं कडेला जातं. त्यामुळे एका अंड्याला पांघरूण पुरत नसेल तर रोज तेच अंडं उघडं पडत नाही, आळीपाळीने सगळी पडतात. तीन जास्त पिल्लांच्या हव्यासात बाराही धोक्यात घालण्यापेक्षा नऊ बरी. संध्याकाळी मागून बॅटरी मारून पाहिलं, एकही अंडं पिसांबाहेर दिसत नव्हतं. सगळ्यांवर पेन्सिलीने फुली केली, म्हणजे दुसरी एखादी कोंबडी येऊन मध्येच अंडं घालून गेली तर ते ओळखू येतं. आणि नऊच्या नऊ एकाच रात्री ठेवली. मागेपुढे ठेवली असती तर फुटलीही मागेपुढे असती, आणि पहिल्या पिल्लांना घेऊन कोंबडी निघाली की उरलेली गार पडतात.

पुढचे २१ दिवस माणसाला फारसं काम नसतं. बघायचं ते एकच, कोंबडीचं रोजचं उठणं. करडी दुपारी, ऊन चढल्यावर उठायची, पंधरा-वीस मिनिटांत सगळं उरकायची. पोटाला आधार राहावा म्हणून तिच्या खाण्यात मका आणि गहू अख्खे ठेवत होते, पाणी कोमट. बसलेल्या कोंबडीला उवा आणि रक्त पिणारे बारीक किडे चटकन धरतात. रात्री ते चावायला लागले की चांगली बसलेली कोंबडीही अंडी टाकून उठते. म्हणून बसवण्याआधीच तिच्या पंखांखाली आणि शेपटीच्या मुळाशी पिसं फाकून पाहिलं होतं. अंगावर माती घ्यायला कोरडी माती आणि राख एका पसरट घमेल्यात छपराखाली ठेवली, कारण बाहेरची माती सदाच दवाने ओली.

एकदा ती या घमेल्यात पडली ती अर्धा तास उलटला तरी उठेना. मी पेटीपाशी जाऊन अंड्याला हात लावला, गार. जीव वरखाली व्हायला लागला. आत्या शांतपणे म्हणाली, "अगं, आई ती आहे की तू?" करडी यथावकाश उठली, अंग झाडलं, सगळ्यांवर धूळ उडवली आणि जाऊन बसली. अंडी थोडा वेळ गार पडली म्हणून बिघडत नाही, रोजच्या उठण्यात ती थोडीफार पडतातच.

सातव्या रात्री अंडी मोबाइलच्या उजेडावर पाहिली. दोन-दोनच काढायची, पाहायची, परत सरकवायची. अंधारात बोथट टोकाशी उजेड लावला की जिवंत अंड्यात कोळ्यासारखा एक गडद ठिपका आणि त्यातून पसरलेल्या लाल शिरा दिसतात. हात स्थिर असेल तर ठिपका हलतानाही दिसतो. एक अंडं नितळ निघालं, ते फलितच झालेलं नव्हतं. चौदाव्या दिवशी आणखी एकात शिरांऐवजी नुसतं रक्ताचं कडं दिसलं, म्हणजे गर्भ सुरुवातीलाच गेलेला. दोन्ही काढून टाकली. असं अंडं उबेत सडतं, आणि पोटाखाली फुटलं तर बाकीच्या अंड्यांवर घाण बसते. उरली सात. अठराव्या दिवसानंतर मी कशाला हात लावला नाही.

विसाव्या दिवशी संध्याकाळी करडीचा आवाज बदलला. कवच फुटण्याआधीच पिल्लू आतून ओरडायला लागतं आणि कोंबडी त्याला खालच्या आवाजात खुडखुडून उत्तर देते. पेटीच्या फळीला कान लावला तर दोन्ही आवाज ऐकू येत होते. याच वेळी हात आत घालायचा मोह सगळ्यात जास्त होतो. पिल्लू चोचीवरच्या टणक टोकाने कवचाला पहिला टोचा मारतं आणि मग कितीतरी तास काहीच करत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं ते अडकलं. खरं तर त्या वेळात ते फुप्फुसाने श्वास घ्यायला लागलेलं असतं, उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं, आवरणातल्या शिरांमधलं रक्त अंगात घेत असतं. घाईने कवच सोललं तर रक्त जातं. नुसतं कोंबडीला उचलून पाहिलं तरी कोरडी गार हवा आत शिरते आणि आतलं पातळ आवरण वाळून पिल्लाच्या अंगाला चिकटतं. पहिल्या टोच्यापासून बाहेर पडेपर्यंत पूर्ण दिवस जाऊ शकतो.

एकविसाव्या दिवशी सकाळी पेटीच्या कडेला रिकामं कवच दिसलं आणि रात्रीपर्यंत पाच पिल्लं झाली. त्यांच्या खाण्याची मला घाई नव्हती. पोटात ओढलेला बलक पिल्लाला दोन-तीन दिवस पुरतो, आणि त्याच हिशेबावर कोंबडी मागे राहिलेल्या अंड्यांसाठी थांबू शकते.

करडी फार थांबली नाही. दुसऱ्याच दिवशी पाच पिल्लांना घेऊन पेटीबाहेर आली. मागे दोन अंडी होती. एक मुकं. दुसऱ्याला बारीक भोक पडलेलं. ते हातात घेतलं तर कवच गार, पण तळव्याला आतून एक ठोका जाणवला. थांबून आणखी एक. कानाशी नेलं तर कवचाच्या आतल्या बाजूवर चोच घासल्याचा आवाज, आणि मध्येच, अगदी लांबून यावी तशी, चीं. कोमट फडक्यात गुंडाळून, भोक वर ठेवून, ते छातीशी धरून मी तिथेच पेंढ्यावर बसले. दुपार कलली तशी करडी पिल्लांना घेऊन परत पेटीत शिरली. ती टेकल्यावर मागून अंडं तिच्याखाली सरकवलं. तिने मान वळवून माझ्या मनगटाला टोच मारला आणि चोचीने अंडं आत ओढलं. सकाळी सहावं पिल्लू बाकीच्यांत होतं, अंगावरची लव जरा चिकट, एवढाच फरक. मुकं अंडं उघडलं तर पूर्ण वाढलेलं पिल्लू आतच मेलेलं. असं होतं, आणि दर वेळी कारण कळतंच असं नाही.

आता खरा प्रश्न. पिल्लाच्या अंगावर असते ती नुसती लव, पिसं नव्हेत, आणि पहिले काही आठवडे त्याला स्वतःच्या अंगाची ऊब धरून ठेवता येत नाही. मशीनमधल्या पिल्लांना ब्रूडरमध्ये, म्हणजे ऊब देणाऱ्या पेटीत, पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब देतात आणि दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करत जातात. इकडे शेडमध्ये पाणी गोठतंय. मी बल्ब, होल्डर, वायर सगळं आणून ठेवलं होतं. आत्याने ते सगळं पाहिलं आणि विचारलं, "हा कोणासाठी?"

बल्बच्या विरोधातली तिची कारणं ऐकून घेण्यासारखी होती. कोरडा पेंढा, भुसा, धूळ आणि फडफडणारी कोंबडी यांच्यावर तापलेला बल्ब टांगणं म्हणजे आगीला आवतण. शिवाय पिल्लं बल्बखाली रेंगाळायला लागली की आईकडे परतण्याची सवय मोडते. रात्री वीज गेली तर ती जिथल्या तिथे गारठतात. आणि कोंबडीला स्वतःला एवढी ऊब सोसत नाही, ती चोच उघडून धापा टाकते आणि पिल्लं सोडून लांब जाऊन बसते. कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या घरात असतं. तिच्या पिसांखाली बाहेरच्या थंडीचं काही चालत नाही. बल्ब कपाटात गेला.

त्यानंतर मी तासन्‌तास त्यांच्याकडे नुसती बघत बसायचे. पिल्लं बाहेर यायची, दाणे टिपायची, पाणी प्यायची, एकमेकांच्या अंगावरून धावायची, आणि काही मिनिटांत एखाद्याचा आवाज चढायचा. खेळताना त्यांची चिवचिव बारीक आणि उतरती असते. थंडी वाजली किंवा आई दिसेनाशी झाली की तीच कर्कश आणि सलग होते. हा फरक कानात बसला की पिल्लांची अर्धी काळजी मिटते. करडी तो आवाज ऐकला की जिथे असेल तिथे खाली बसायची, पंख शरीरापासून थोडे सोडायची, आणि सहाही जणं घुसायची. मग पिसांखाली ढकलाढकल. हळूहळू आवाज बंद. थोड्या वेळाने पंखाच्या वरच्या कडेने एक डोकं बाहेर, मग छातीखालून दुसरं. ज्याला पुरेशी ऊब मिळाली ते बाहेर, बाकीची आत. कोणाला किती ऊब हवी हे जिथे पिल्लूच ठरवतं तिथे थर्मामीटर काय करणार! पहाटेच्या कडाक्यात ती जेमतेम बाहेर यायची, ऊन चढलं की त्यांच्या फेऱ्या लांबायच्या.

यात माझ्या वाट्याला काम होतं ते खाणं-पाणी आणि आई यांच्यातलं अंतर कमी ठेवण्याचं. पिल्लू ऊब घेऊन बाहेर निघतं ते थोड्या वेळाच्या शिदोरीवर. भांडं चार हातांवर असेल तर जाण्यायेण्यातच ती संपते, आणि अर्धपोटी पिल्लू अंगात ऊब तयारही करू शकत नाही. दोन्ही भांडी पेटीच्या तोंडापासून हातभर अंतरावर ठेवली.

पाण्याचं भांडं अगदी उथळ, त्यात खडे. पिल्लाला फक्त चोच बुडवता आली पाहिजे, पाय नाही. भिजलेली लव अंगाला चिकटली की तिच्यात ऊब उरत नाही; या थंडीत भिजलेलं पिल्लू म्हणजे गेल्यात जमा. भांडं विटेवर ठेवलं, कारण कोंबडी उकरायला लागली की अर्धा भुसा पाण्यात. सकाळी बर्फाची पापडी काढून कोमट पाणी, मग दुपारी, मग संध्याकाळी. रात्री भांडंच उचलून घ्यायचं, अंधारात कोणी पाणी पीत नाही. भांड्याभोवतीचा ओला भुसा रोज काढून टाकायचा, मग कितीही कंटाळा येवो.

खाद्य सगळ्यांना एकच, पिल्लांचं स्टार्टर, ज्यात १८ ते २० टक्के प्रथिनं असतात. आईसाठी वेगळं लेअर खाद्य, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं, ठेवायचं नाही. त्यात कवचासाठी साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं आणि ते पिल्लांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. कोंबडी या काळात अंडी घालत नसते, तेव्हा स्टार्टरने तिचं काही बिघडत नाही. उलट एवढे दिवस बसून झडलेलं तिचं अंग भरून यायला मदतच होते. तिचं खाऊ घालणं बघण्यासारखं. दाणा चोचीत उचलायची, टुक टुक टुक करत खाली टाकायची, परत उचलायची, परत टाकायची, पिल्लं धावत येऊन तो टिपेपर्यंत. पहिले काही दिवस स्वतः काही खाते की नाही अशी शंका यावी इतकं.

पहिल्याच आठवड्यात एका सकाळी एक पिल्लू पेटीमागच्या फटीत सापडलं. रात्री बाहेर पडून तिथे अडकलेलं असणार. पाय ताठ, डोळे मिटलेले, मान लोंबकळलेली. तळहातांत धरून स्वेटरच्या आत घातलं आणि कामाला लागले. अशा पिल्लाला लगेच पाणी पाजू नये, गिळण्याची ताकद नसते आणि पाणी श्वासनलिकेत जातं. बऱ्याच वेळाने स्वेटरमध्ये वळवळ झाली, मग चोच उघडली, मग चक्क ओरडलं. तेव्हा कोमट पाण्यात चोच बुडवली आणि आईकडे सोडलं. फटीत वीट बसवली.

आणखी एकाची विष्ठा मागे चिकटून वाळली होती. गारठलेल्या पिल्लांत हे होतं, आणि वाट बंद झाली तर पिल्लू मरतं. कोमट पाण्याने भिजवून मऊ करायचं आणि कापसाने पुसायचं. ओढायचं नाही, कातडी निघते. पुसल्यावर पूर्ण कोरडं करूनच सोडायचं. एक गोष्ट आधी ठाऊक असलेली बरी: पोटाच्या बाजूला बेंबीचीही वाळलेली खपली असते. ती विष्ठा समजून ओरबाडली तर भलतंच होऊन बसतं.

लशींचं मी पशुवैद्यकांना विचारून केलं. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस डोळ्यात थेंब टाकून देतात. एका कुपीत शेकड्याने डोस असतात, सहा पिल्लांसाठीही तीच. रक्ती हगवणीवर मात्र त्यांनीही तेच सांगितलं जे आत्या सांगत होती, भुसा कोरडा ठेवा. तिचे जंतू ओलीत आणि उबेत फोफावतात. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून पिल्लं सुस्त होऊन पिसं फुगवून बसू लागली, विष्ठेत रक्त दिसलं, तर औषधाला उशीर करायचा नाही. आमच्याकडे ती वेळ आली नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून त्यांना उन्हात सोडायला लागले, वारा नसेल त्याच दिवशी आणि गवतावरचं दव वाळल्यावरच. दव हे थंडीतलं लपलेलं पाणी आहे. आपले पाय भिजतात, पिल्लाचं पोट भिजतं. वर डालगं किंवा जाळी ठेवायची. एकदा घार फिरताना दिसली तेव्हा करडीने एकच लांब किरकिरता आवाज काढला आणि सहाही पिल्लं जागच्या जागी गायब झाली. कुठे गेली म्हणून मी शोधतेय, तर काही तिच्याखाली आणि दोन माझ्या पायाशी वाळक्या पानांत पोट टेकून.

सगळ्यात कठीण काळ पहिला आठवडा नव्हता, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. कठीण काळ चौथ्या आठवड्याच्या आसपासचा. पिल्लांचे पंख आणि शेपट्या आल्या होत्या, पाठ आणि पोट अजून अर्धवट. आणि अंगाने ती एवढी वाढली होती की करडीखाली मावेनात. रात्री पाहिलं तर डोकी आत आणि सहा ढुंगणं बाहेर. पुरती पिसं यायला पाच-सहा आठवडे लागतात, तोवर कोंबडीचं पांघरूण अपुरं आणि स्वतःचं अर्धवट. इथे परत बल्ब आठवला. त्याऐवजी पेटीवर खूप खाली येईल असं फळीचं झाकण टाकलं, तोंडाला वरून अर्धा गोणपाट सोडला आणि पेंढा दुप्पट केला. छत इतकं खाली की करडीला उभं राहिल्यावर जेमतेम डोकं वर करता येईल. सात जणांच्या अंगाची ऊब तेवढ्या जागेत कोंडून राहते, आणि दार अर्धं उघडं असल्याने वाफ बाहेर जाते. सकाळी झाकणाला आतून हात लावून बघायचे. ओलसर लागलं त्या दिवशी पेंढा बदलायचा.

उन्हाळ्यातल्या पिल्लांना करडीने पाच-सहा आठवड्यांत हाकललं होतं. या वेळी ती बरीच जास्त टिकली. दिवस लहान असल्याने तिचं अंड्यावर येणं लांबलं, म्हणून असेल. मग एका संध्याकाळी ती पेटीकडे न जाता उडून दांडीवर जाऊन बसली. खाली एकच आकांत. दोघांनी धडपडत दांडी गाठली आणि तिच्या दोन्ही पंखांखाली डोकी घातली, चौघं ओरडत राहिली. त्यांना उचलून मी पेटीत ठेवलं, ती एकमेकांत घुसून झोपली. चार-पाच संध्याकाळी हाच तमाशा, नंतर सगळी दांडीवर. खाण्यापाशी करडी त्यांना टोचून बाजूला सारायला लागली, तुरा परत लालभडक झाला आणि अंडं आलं.

बाकीच्या कोंबड्यांशी ओळख करून देण्याची कटकट मला झाली नाही. मधे फक्त जाळी होती, पिल्लं लहानपणापासून सगळ्यांना दिसत होती, आणि जाळी काढली तेव्हा करडी अजून त्यांच्या बाजूने भांडत होती.

अडचण आहे ती खाद्याची. करडीला अंड्यासाठी कॅल्शियम हवं आणि पिल्लांना ते अंड्यावर येईपर्यंत नको, आणि सगळी एकाच भांड्यात तोंड घालतात. म्हणून सध्या सगळ्यांना वाढीचं खाद्य देते आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवते. ज्यांना गरज आहे त्या कोंबड्या तो टिपतात, पिल्लं एकदा चोच लावून पुढे जातात. सहांपैकी तिघांचे तुरे आत्तापासूनच लाल आणि उठावदार दिसताहेत, म्हणजे ते कोंबडे. आत्या म्हणते चार.